पत्ता असलेला दगड : मंगळाचे नमुने पृथ्वीवर आणण्याच्या संकल्पाचा इतिहास

२५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास बिहारमधील गया जिल्ह्यातल्या शेरघाटी या गावाजवळ आकाशातून गडगडाट करीत एक दगड पडला. त्याचे वजन सुमारे पाच किलोग्रॅम होते. गावाचे नाव इंग्रजी दप्तरात 'शेरगॉटी' असे झाले आणि विज्ञानात तेच रूढ झाले. दगडाचे लहानमोठे तुकडे देशोदेशींच्या संग्रहालयांत गेले. १८७२ मध्ये व्हिएन्ना येथील खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव चेर्माक यांना त्यात काचेसारखा एक वेगळाच पदार्थ आढळला. ब्रिटिश म्युझियममधील खनिजसंग्रहाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांच्या नावावरून त्यांनी त्याला 'मास्केलिनाइट' असे नाव दिले. एखाद्या प्रचंड आघाताने खनिजाच्या स्फटिकाची आतली रचना मोडली, की अशी काच तयार होते, हे पुढे कळले. हा आघात कोठे झाला, हा प्रश्न मात्र त्या काळी कोणी विचारलाही नाही.

तो दगड मंगळावरचा होता. आज मंगळावरून आलेल्या अशनींचा जो सर्वांत मोठा गट आहे, त्याला जगभर 'शेरगॉटाइट' म्हणतात. गया जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव अशा रीतीने मंगळाच्या भूविज्ञानात कायमचे कोरले गेले आहे. आपल्या शालेय पुस्तकांतून ही गोष्ट का सांगितली जात नाही, याचे आश्चर्य वाटते.

मंगळाचा दगड घरपोच मिळूनही तो मंगळाचा आहे हे समजायला शंभराहून अधिक वर्षे लागली. ते कसे समजले, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण नमुने परत आणण्याच्या पुढील साऱ्या खटाटोपाचे कारण तेथेच सापडते. फ्रान्समधील शासिन्यी येथे १८१५ मध्ये आणि इजिप्तमधील नखला येथे १९११ मध्ये पडलेले दगड शेरघाटीच्या दगडाशी नाते सांगत होते. तिघेही ज्वालामुखीजन्य होते आणि वयाने विलक्षण तरुण होते. नखलाचा दगड सुमारे १.३ अब्ज वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजलेला आहे. बहुतेक अशनी लघुग्रहांचे तुकडे असतात आणि लघुग्रह साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच थंड होऊन गेले. इतक्या अलीकडे लाव्हा वाहत असेल, तर ते एखाद्या मोठ्या ग्रहावरच शक्य होते. संशय मंगळावर गेला, पण पुरावा नव्हता.

पुरावा दोन टोकांनी आला. १९७६ मध्ये नासाची व्हायकिंग याने मंगळावर उतरली आणि त्यांनी तेथील हवेतील वायूंचे प्रमाण मोजले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी अंटार्क्टिकाच्या बर्फात एक शेरगॉटाइट सापडला. त्याच्या आतल्या काचेत आघाताच्या वेळी वायूचे सूक्ष्म बुडबुडे अडकून राहिले होते. १९८३ मध्ये डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी त्या वायूंचे विश्लेषण प्रसिद्ध केले. व्हायकिंगने मंगळावर मोजलेल्या हवेशी ते जुळत होते. दगड पृथ्वीवर होता, पण त्याची ओळख पटवणारी साक्ष मंगळावर जाऊनच आणावी लागली.

तरीही 'मंगळ' हा काही पुरेसा पत्ता नव्हे. एखाद्याने भारतातला दगड म्हणून एक खडा हाती दिला, पण तो दख्खनच्या पठारावरचा, अरवलीतला की हिमालयातला हे सांगितले नाही, तर त्यावरून भारताचा भूइतिहास किती कळेल? अशनींचे नेमके असेच आहे. ते मंगळाच्या कोणत्या भागातून उडाले, त्यांच्या शेजारी कोणते खडक होते, तेथे कधी पाणी होते की नाही, यांपैकी काहीही त्यांच्यासोबत येत नाही. शिवाय आघाताचा तडाखा आणि अवकाशप्रवास सोसून येतात ते टणक ज्वालामुखीय दगड. तळ्याच्या तळाशी साचलेला मऊ गाळखडक, म्हणजे जीवसृष्टीच्या खुणा जेथे शोधायच्या नेमका तोच खडक, या मार्गाने येण्याची आशा फारशी नाही.

पत्ता नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे १९९६ मध्ये दिसले. अंटार्क्टिकातील ॲलन हिल्स येथे २७ डिसेंबर १९८४ रोजी सापडलेला एक मंगळी दगड चार अब्ज वर्षांहून जुना होता. त्यातील कार्बोनेटच्या कणांत जीवाणूंसारखे आकार आणि मॅग्नेटाइटचे सूक्ष्म स्फटिक दिसले. डेव्हिड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्राचीन जीवसृष्टीचे अवशेष असू शकतात, असे मांडले. ७ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी स्वतः पत्रकारांसमोर या शोधाबद्दल निवेदन केले. वाद पेटला. दगड पृथ्वीवर येऊन बर्फात सुमारे तेरा हजार वर्षे पडून होता. त्या काळात पृथ्वीवरचे सेंद्रिय पदार्थ त्यात शिरले नसतील कशावरून? तसे स्फटिक जीवाशिवायही घडू शकतात, असे प्रयोगांनी दाखवले. आज बहुतेक शास्त्रज्ञ तो दावा मानत नाहीत, पण त्या दगडाने एक गोष्ट पक्की केली. मंगळावर जीवन होते का, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर खडक निवडून, त्याची जागा नोंदवून, तो स्वच्छ नळीत बंद करूनच आणावा लागेल.

ही कल्पना मात्र १९९६ पेक्षा बरीच जुनी आहे, आणि यंत्राकरवी परग्रहाची माती आणण्याचा पहिला यशस्वी प्रयोग सोव्हिएत संघाच्या नावावर आहे. अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर असतानाच, २१ जुलै १९६९ रोजी, सोव्हिएत लुना १५ हे यान चंद्रावर आदळून नष्ट झाले. तेही मातीचा नमुना आणण्यासाठीच गेले होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लुना १६ ने १०१ ग्रॅम माती पृथ्वीवर आणली. १९७२ मध्ये लुना २० आणि १९७६ मध्ये लुना २४ यांनीही ते साधले. या तिन्ही यानांची उतरण्याची ठिकाणे नकाशावर पाहिली, तर ती चंद्राच्या दृश्य भागाच्या पूर्वेकडे, जवळजवळ एकाच रेखांशपट्ट्यात दिसतात. तेथून अग्निबाण सरळ वर सोडला, की वाटेत फारशी दुरुस्ती न करता तो पृथ्वीवर येऊन पडतो. त्या काळच्या मर्यादित साधनांनिशी गणिताच्या बळावर साधलेली ही युक्ती मला फार देखणी वाटते.

मंगळावर ही युक्ती चालत नाही. चंद्राच्या पकडीतून सुटायला सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग लागतो, तर मंगळावरून सुमारे ५ किलोमीटर. वेग दुप्पट म्हणजे ऊर्जा चौपट. वर जाणाऱ्या अग्निबाणाचे इंधन आधी मंगळावर उतरवावे लागते, ते उतरवण्यासाठी मोठे अवतरणयान लागते, ते तेथवर न्यायला पृथ्वीवरून आणखी मोठा अग्निबाण लागतो. परतीच्या टोकाला एक किलोग्रॅम वाढला, की सुरुवातीच्या टोकाला त्याचे कित्येक पट होतात. मंगळाची हवाही अडचणीचीच आहे. तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी असल्याने केवळ हवाई छत्रीच्या भरवशावर जड यान अलगद उतरत नाही, पण वेगाने घुसणारे यान तापवण्याइतकी ती दाट आहे. त्यात रेडिओसंदेश एका बाजूने पोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे आणीबाणीच्या क्षणी पृथ्वीवरून हात देता येत नाही.

सोव्हिएत अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हे गणित मांडले आणि त्याचे उत्तर एन-१ या महाकाय अग्निबाणात शोधले. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी बांधलेल्या या अग्निबाणाने एक जड यान मंगळावर न्यायचे आणि सुमारे २०० ग्रॅम माती थेट परत आणायची, असा लावोच्किन संस्थेचा आराखडा होता. पण एन-१ चारही उड्डाणांत अपयशी ठरला आणि १९७४ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. त्यानंतर प्रोटॉन अग्निबाणाच्या दोन उड्डाणांनी भाग पाठवून ते पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जोडावेत, असा दुसरा बेत झाला. तोही कागदावरच राहिला.

अमेरिकेत व्हायकिंगनंतर अभ्यास-अहवालांची रांग लागली. प्रत्येक दशकात नवी समिती नेमली जाई, नवा आराखडा तयार होई आणि खर्चाचा आकडा पाहून तो बासनात जाई. ॲलन हिल्सच्या दगडाने खळबळ उडवल्यावर फ्रान्सच्या सहकार्याने नव्या शतकाच्या पहिल्याच काही वर्षांत नमुने आणण्याचा बेत ठरला होता. परंतु सप्टेंबर १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान, एका संगणकप्रणालीने पौंडात दिलेले आकडे दुसरीने न्यूटनमध्ये वाचल्यामुळे, मंगळाच्या हवेत जाऊन नष्ट झाले. डिसेंबरात मार्स पोलर लँडरही गमावले. लागोपाठच्या दोन अपयशांनंतर सारा मंगळ कार्यक्रम नव्याने आखला गेला आणि नमुने आणण्याचा बेत पुन्हा लांबणीवर पडला.

या अनुभवातून जो धडा घेतला गेला, तो दुधारी ठरला. एकाच यानाने उतरायचे, खडक गोळा करायचे आणि परत यायचे हे अवघड असेल, तर कामाचे तुकडे करावेत. एका यानाने फक्त नमुने गोळा करून सीलबंद ठेवावेत. दुसऱ्याने ते उचलून मंगळाच्या कक्षेत पोचवावेत. तिसऱ्याने कक्षेत ते झेलून पृथ्वीवर आणावेत. २०११ मध्ये अमेरिकेतील ग्रहवैज्ञानिकांच्या दशवार्षिक अहवालाने या साखळीतील पहिल्या कडीला मोठ्या मोहिमांत अग्रक्रम दिला. त्यातूनच पर्सिव्हरन्स ही बग्गी साकारली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही विभागणी शहाणपणाची होती, कारण प्रत्येक तुकडा आटोक्यातला होता आणि एक फसला तरी दुसरा वाचत होता. पण पहिली कडी घडवताना पुढच्या कड्यांचे पैसे कोणी बाजूला काढून ठेवले नव्हते. वीस वर्षे चालणाऱ्या कामाचे वचन दरवर्षी मंजूर होणाऱ्या अंदाजपत्रकावर उभे होते.

पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरली. साडेतीन अब्ज वर्षांहून अधिक काळापूर्वी येथे एक तळे होते आणि त्याला मिळणाऱ्या नदीचा त्रिभुज प्रदेश आजही स्पष्ट दिसतो. बग्गीच्या पोटात एकूण ४३ नळ्या आहेत. प्रत्येक नळी टायटॅनियमची असून तिच्यावर स्वतंत्र क्रमांक आहे. पोकळ गिरमिटाने खडकातून बोटाएवढी कांडी कापून ती नळीत घ्यायची, छायाचित्र काढायचे आणि नळी कायमची बंद करायची, अशी पद्धत आहे. कांडी खडकात कोणत्या दिशेने होती, याचीही नोंद ठेवली जाते, कारण त्यावरून प्राचीन चुंबकीय क्षेत्राची दिशा काढता येईल. पाच नळ्या खडकासाठी नाहीतच. त्या 'साक्षीदार' आहेत. त्या इतर नळ्यांसारख्याच वागवायच्या, पण त्यांत खडक भरायचा नाही. बग्गीसोबत पृथ्वीवरची काही घाण गेली असेल, तर ती या नळ्यांत दिसेल आणि खऱ्या नमुन्यातून वजा करता येईल. ॲलन हिल्सच्या दगडावरून झालेल्या भांडणाला हे पंचवीस वर्षांनी दिलेले उत्तर होते.

पहिला प्रयत्न मात्र फजितीचा झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये यंत्राने सारे काही बिनचूक केले, नळी बंद झाली आणि आत पाहतात तो काहीच नाही. निवडलेला खडक इतका ठिसूळ होता, की गिरमिटाखाली त्याचे पीठ होऊन ते छिद्राभोवती सांडले. त्या नळीत मंगळाची हवा तेवढी बंद झाली. शास्त्रज्ञांनी तिलाही नमुना मानले, आणि ते योग्यच होते, कारण शेरगॉटाइटची ओळख पटली होती ती हवेवरूनच. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या, टणक खडकातून पहिली कांडी मिळाली. बग्गी बंद पडलीच तर सारे वाया जाऊ नये, म्हणून जानेवारी २०२३ अखेरपर्यंत 'थ्री फोर्क्स' नावाच्या सपाट जागी दहा नळ्या जमिनीवर एकमेकींपासून काही मीटर अंतर ठेवून मांडल्या गेल्या. त्या आजही तेथेच आहेत.

पुढच्या कड्यांचा आराखडा युरोपीय अवकाश संस्थेसोबत ठरला होता. नासाचे अवतरणयान सुमारे तीन मीटर उंचीचा छोटा अग्निबाण घेऊन उतरणार होते. परग्रहावरून सुटणारा तो पहिला अग्निबाण ठरला असता. तीस नळ्या भरलेला, बास्केटबॉलच्या आकाराचा डबा तो मंगळाच्या कक्षेत सोडणार होता. युरोपचे परिभ्रमक यान कक्षेत तो डबा शोधून, गिळून पृथ्वीकडे निघणार होते आणि शेवटी एक कुपी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात हवाई छत्रीशिवायच आदळणार होती. छत्री मुद्दामच ठेवलेली नव्हती. २००४ मध्ये सौरवाताचे कण घेऊन परतलेल्या जेनेसिस यानाची छत्री, वेगातील घट ओळखणारी उपकरणे उलटी बसवल्यामुळे, उघडलीच नाही आणि कुपी त्याच वाळवंटात फुटली. तेव्हा केवळ निरुपद्रवी कण सांडले. मंगळाच्या नमुन्यांबाबत तसे होऊन चालणार नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार पृथ्वीच्या पर्यावरणाला परग्रहीय पदार्थांपासून अपाय होऊ न देण्याचे बंधन राष्ट्रांवर आहे. त्यामुळे मंगळाला स्पर्श झालेली कोणतीही वस्तू उघडी येता कामा नये. डब्याचा बाहेरचा भागसुद्धा निर्जंतुक करून दुसऱ्या आवरणात बंद व्हायला हवा, आणि तो उघडायला अतिधोकादायक रोगजंतूंसाठी असते तशी सुरक्षित प्रयोगशाळा हवी. खर्च वाढण्याची ही कारणे होती. 'अमेरिकेने पैसे उधळले' असे म्हणणे सोपे आहे, पण यांतली कोणती गोष्ट गाळायची, हे सांगणे तितके सोपे नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र परीक्षण मंडळाने खर्चाचा अंदाज ८ ते ११ अब्ज डॉलर वर्तवला. अकरा अब्ज म्हणजे त्या वेळच्या दराने ९० हजार कोटी रुपयांहून अधिक. निधीच्या अनिश्चिततेमुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने सुमारे ५३० कर्मचाऱ्यांना कमी केले. मंगळावर यान उतरवण्याचे ज्ञान शेवटी काही शे माणसांच्या हातांत असते आणि ती माणसे एकदा पांगली, की नंतर पैसे दिले म्हणून लगेच परत जमत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये नासाचे तत्कालीन प्रशासक बिल नेल्सन यांनी जाहीर केले, की अकरा अब्ज डॉलर ही रक्कम फार मोठी आहे आणि २०४० हे साल फार लांब आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी तुलनेने स्वस्त असे दोन पर्याय मांडले. त्यांनुसार नमुने २०३५ ते २०३९ च्या दरम्यान आले असते. मे २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने कार्यक्रमच बंद करण्याचा प्रस्ताव दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकी संसदेच्या अर्थविधेयकाने विद्यमान स्वरूपातील या कार्यक्रमाला पाठिंबा दिला नाही.

योगायोग असा, की याच काळात बग्गीला तिच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा खडक मिळाला होता. जुलै २०२४ मध्ये जेझेरोला मिळणाऱ्या प्राचीन नदीच्या पात्रात बारीक गाळाचा एक तांबूस खडक दिसला. त्याला 'चेयावा फॉल्स' असे नाव दिले गेले. त्यावर बिबट्याच्या कातडीवर असावेत तसे ठिपके होते, मध्ये फिकट आणि कडेला काळसर. त्या ठिपक्यांत व्हिव्हियानाइट हे लोहाचे फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचे सल्फाइड असल्याचे संकेत मिळाले. खडकात सेंद्रिय कार्बनही आढळला. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्य वापरून लोह आणि गंधक यांच्याशी अशाच रासायनिक क्रिया करतात आणि अशी खनिजे मागे ठेवतात. जीवाशिवायही ती बनू शकतात, पण त्यासाठी सहसा जास्त तापमान लागते आणि हा खडक तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जोएल ह्युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची भाषा संयमाची होती. ही 'संभाव्य' जीवखूण आहे, असेच त्यांनी म्हटले. १९९६ च्या घाईची आठवण अजून ताजी आहे, हे त्या शब्दावरून कळते.

निर्णय करण्यासाठी लोह आणि गंधक यांच्या समस्थानिकांचे नेमके प्रमाण हवे आणि कणांची अंतर्रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवी. ही उपकरणे खोलीभर असतात आणि ती बग्गीवर मावत नाहीत. त्या खडकाची कांडी 'सफायर कॅन्यन' या नावाने नळीत बंद आहे. ती थ्री फोर्क्सच्या दहा नळ्यांत नाही. बग्गी तिला पोटात घेऊन हिंडते आहे. पत्ता बिनचूक लिहिलेला, नीट बंद केलेला लखोटा तयार आहे, पण टपालवाल्याची नेमणूकच रद्द झाली आहे.

चीनने वेगळी वाट धरली. २०२१ मध्ये मंगळावर झुरोंग ही बग्गी उतरवल्यानंतर त्यांनी त्यांच्या तियानवेन ३ मोहिमेसाठी २०२८ च्या सुमारास दोन उड्डाणे आणि २०३१ च्या सुमारास परत येणे असे नियोजन जाहीर केले आहे. किमान ५०० ग्रॅम नमुने आणि त्यांतले काही दोन मीटर खोलीवरून, असे उद्दिष्ट आहे. वर्षानुवर्षे हिंडून निवडलेले वेगवेगळे खडक या मोहिमेला मिळणार नाहीत. यान उतरेल तेथील आणि आसपासचेच नमुने ती आणील. शास्त्रीय समृद्धीत जेझेरोचा संग्रह सरस आहे, असे माझे मत आहे. पण जमिनीखालच्या दोन मीटरांचेही मोल कमी नाही, कारण पृष्ठभागावरचे सेंद्रिय रेणू विश्वकिरणांनी मोडतात. चीनची तयारी चंद्रावर झालेली आहे. २०२० मध्ये चांग-अ ५ ने १,७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्ये चांग-अ ६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे १,९३५ ग्रॅम नमुने आणले. दोन्ही वेळा चंद्रावरून वर आलेले यान कक्षेत दुसऱ्या यानाला मानवी मदतीविना जोडले गेले. मंगळाच्या साखळीतली सर्वांत नाजूक कडी त्यांनी घराजवळ दोनदा पारखून घेतली आहे.

भारताचे स्थान येथे कोठे आहे? मंगळयानाने ४५० कोटी रुपयांत २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठली. तो अभिमान रास्त आहे. परंतु कक्षेत जाणे आणि जमिनीवरून परत येणे या वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसऱ्या विद्येची भारतातली मुळाक्षरे चंद्रावर गिरवली जात आहेत. चंद्रयान ३ उतरल्यानंतर ३ सप्टेंबर २०२३ रोजी विक्रम अवतरकाने इंजिने पुन्हा पेटवली, सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलला जाऊन तो थोडा बाजूला उतरला. त्या हातभर उडीची वृत्तपत्रांनी एक-दोन दिवस दखल घेतली. माझ्या मते मूळ योजनेबाहेर केलेल्या त्या प्रयोगाचे मोल फार मोठे आहे, कारण परक्या जमिनीवरून भारतीय इंजिन पुन्हा पेटल्याची ती पहिली वेळ होती. त्याच मोहिमेतील प्रणोदन भाग चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीच्या कक्षेत परत आणला गेला. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. हे करणारा भारत चौथा देश ठरला.

हे धागे एकत्र येतात ते चंद्रयान ४ मध्ये. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,१०४.०६ कोटी रुपयांच्या या मोहिमेला मंजुरी दिली. यानाचे पाच भाग एलव्हीएम-३ अग्निबाणाच्या दोन उड्डाणांनी जातील, पृथ्वीच्या कक्षेत जोडले जातील आणि चंद्रावरून नमुने घेऊन उठलेला भाग चंद्राच्या कक्षेत दुसऱ्या भागाला गाठेल. एका अग्निबाणाला न पेलणारे वजन दोन उड्डाणांत वाटून कक्षेत सांधायचे, हा विचार प्रोटॉनच्या बेताशी किती मिळताजुळता आहे! फरक एवढाच, की सोव्हिएत अभियंत्यांना तो मंगळासाठी करायचा होता आणि चंद्राचे यश त्यांनी आधीच, सांधाजोडीविना, मिळवले होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एका बाजूकडे लक्ष द्यावे. नमुने आणणे हे अर्धे काम आहे. ते वाचता येणे हे उरलेले अर्धे. या बाबतीत भारताची परंपरा अवकाशयानांपेक्षा जुनी आहे. भारताने पहिला उपग्रह सोडण्याआधीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी अपोलोने आणलेल्या चंद्राच्या कणांत विश्वकिरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेघा मोजत होते. लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि अशनी व चंद्रनमुने यांच्या अभ्यासाची ती धारा तेथे पुढे वाहत राहिली. चंद्रयान ४ चे नमुने आले, तर ते ठेवण्यासाठी, कणाकणाने वाटण्यासाठी आणि पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकासाठी त्यांतला काही भाग न उघडता राखण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था लागेल. अमेरिकेने अपोलोच्या काही नळ्या जवळजवळ अर्धशतक बंद ठेवल्या आणि नवी उपकरणे आल्यावर अगदी अलीकडे उघडल्या. उड्डाणाच्या चित्रफितीत न दिसणारे हे काम आहे.

पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या स्थितीत साधारण २६ महिन्यांनी येतात. २०२६ च्या अखेरची संधी मंगळाच्या जमिनीवरून नमुने आणणाऱ्या कोणत्याही यानाच्या कामी येणार नाही. त्यानंतरची संधी २०२८ च्या अखेरीस आहे आणि तिच्यासाठी चीनखेरीज कोणाचेही नमुना आणणारे यान तयार होत नाही. तियानवेन ३ वेळापत्रकाप्रमाणे चालले, तर पत्ता असलेला पहिला मंगळी दगड २०३१ च्या सुमारास पृथ्वीवर येईल. तोवर जेझेरोमध्ये थ्री फोर्क्सच्या दहा नळ्यांवर धूळ साचत राहील आणि सफायर कॅन्यनची नळी बग्गीच्या पोटात फिरत राहील. बग्गीची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालते, आणि ती उष्णता दरवर्षी थोडी थोडी कमी होते.